भट्टी शेजारची, फराळ घरचा

दिवाळीच्या फराळाविषयी बोलताना ‘घरगुती’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्याचा नेमका अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. घरात केलेले ते घरगुती, अशी त्याची सरळ व्याख्या. परंतु कोल्हापूरच्या शाहूपुरीसारख्या पेठेत ज्यांचे बालपण १९७० च्या किंवा १९८० च्या दशकात गेले, त्यांना ही व्याख्या अपुरी वाटेल. त्यांच्या घरच्या दिवाळीत एक पदार्थ असा होता, की ज्याचे सामान घरचे, मळणारे हात घरचे आणि साठवणीचा डबाही घरचा. आणि तरीही तो भाजला जाई घराबाहेरच्या, अनेकदा परधर्मीय माणसाच्या भट्टीत. तो पदार्थ म्हणजे नानकटाई.

वसुबारसेच्या आधीचे आठ-दहा दिवस बेकरीसमोरचे दृश्य ठरलेले असे. कोणाच्या हातात पिशवीतला मैदा, कोणाच्या काखेत वनस्पती तुपाचा डबा, कोणाकडे घरी दळलेली पिठीसाखर आणि पुडीत कुटलेला वेलदोडा. साखर शिधापत्रिकेवर मिळण्याचे ते दिवस होते. त्यामुळे दिवाळीची जादा साखर पदरात पडल्यावाचून नानकटाईचा बेत नक्की होत नसे. काही गृहिणी पीठ घरीच मळून परात झाकून आणीत. काही बेकरीतच बसून तूप फेशीत. दोन वाट्या मैद्याला एक वाटी पिठीसाखर आणि वाटीभर तूप, हे स्थूल प्रमाण. कोणी त्यात मूठभर रवा, कोणी बेसन घाली. बेकरीचा माणूस पत्रे पुढे सरकवी. त्यावर गोळे मांडायचे, मधोमध चारोळी किंवा काजूचा तुकडा दाबायचा आणि आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून नावाची चिठ्ठी लावायची. भाजणावळ किलोच्या हिशेबाने. गर्दी असली म्हणजे दोन-दोन तास थांबावे लागे, आणि मुले त्या थांबण्यावरच खूश असत.

ही पद्धत हौसेतून आलेली नव्हती. तिच्या मुळाशी एक साधी अडचण होती. महाराष्ट्रीय स्वयंपाकघरातील चूल, शेगडी आणि पुढे आलेला रॉकेलचा स्टोव्ह या साऱ्यांची उष्णता खालून लागते. म्हणून आपला बहुतेक फराळ एक तर तळणीचा, नाही तर कढईत परतून भाजण्याचा. चकली, करंजी, शंकरपाळे कढईतून निघतात. बेसनाचा लाडू मंद आचेवर परतून होतो. नानकटाईला मात्र चारही बाजूंनी सारखी धग हवी. तूप आणि साखर हाताने फेसताना त्यात हवा कोंडली जाते. तुपाने वेढलेल्या पिठाच्या कणांना चिवटपणा येत नाही. आणि बेताच्या आचेवर ती कोंडलेली हवा फुगली, की वर हलक्या भेगा पडून नानकटाई खुसखुशीत होते. आच तीव्र असेल तर ती बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. विटांच्या घुमटाकार भट्टीत पहाटेचा पाव निघाल्यानंतर नेमकी हवी तशी उतरती धग उरते. विटांनी साठविलेली ही उष्णता एरवी वायाच जावयाची. बेकरीवाल्याची उरलेली धग आणि गृहस्थाची दिवाळी यांचा असा मेळ बसला होता.

अशी सामाईक भट्टी हे काही आपलेच वैशिष्ट्य नव्हे. मोरोक्कोतील फेझसारख्या जुन्या शहरांत घरी मळलेली कणीक वस्तीच्या भट्टीवर पाठविण्याची रीत फार जुनी आहे. फ्रान्समध्ये क्रांतीपूर्वी अनेक ठिकाणी जहागीरदाराच्याच भट्टीत पाव भाजण्याची सक्ती असे आणि त्याबद्दल त्याला मोबदला द्यावा लागे. शाहूपुरीतील भट्टीवर मात्र कोणाची सक्ती नव्हती. लोक आपणहून जात आणि ज्याच्याकडे एरवी कदाचित पाण्याचा पेलाही मागितला नसता, त्याच्या हाती सणाचा पदार्थ सोपवून निर्धास्तपणे बाकावर बसत. या साध्या घटनेचे सामाजिक मोल त्या वेळी कोणी मोजले नाही. आज ते मोजण्याची वेळ आली आहे, असे वाटते.

पेठेचा धर्म

शाहूपुरी ही पेठ मुळातच देवाणघेवाणीसाठी वसली. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली आणि त्यानंतर १८९५ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी ही व्यापारी पेठ वसविली. आसपासच्या गुऱ्हाळांतील गुळाला हक्काची बाजारपेठ मिळावी, हा त्यामागील हेतू. पुढे गुळाचे सौदे शाहू मार्केट यार्डात गेले. पण पाडव्याच्या मुहूर्तावर गुळाचा सौदा काढण्याच्या प्रथेमुळे कोल्हापूरच्या दिवाळीचे आणि व्यापाराचे नाते अजून सुटलेले नाही. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, मूर्ती घडविणाऱ्यांची कुंभार गल्ली, स्टेशनाकडून येणारी प्रवाशांची वर्दळ, अशा या पेठेत नाना ठिकाणांहून नाना जातींची आणि धर्मांची माणसे आली व रुजली. बाजारपेठ एका जातीवर चालत नाही. गूळ पिकविणारा एक, तोलणारा दुसरा, वाहणारा तिसरा आणि विकत घेणारा चौथा, हा तिचा स्वभावच असतो.

नानकटाईची कुळकथाही अशीच मिश्र आहे. तिच्या नावातील ‘नान’ हा शब्द फारसी. तिचा जन्म सुरतेचा मानला जातो. तेथील डच वखारीच्या काळातील भट्टी एका पारशी गृहस्थाकडे आली आणि तिच्यातून हा पदार्थ निघाला, असे सांगतात. दख्खनेत बेकरीचा धंदा रुजविणाऱ्यांत इराणी होते, मुसलमान होते, गोव्याकडचे ख्रिस्ती पदेर होते. कर्नाटकातून आलेले अय्यंगारही त्यांत मिळाले. इतक्या हातांतून आलेला पदार्थ आपण लक्ष्मीपूजनाच्या फराळात मांडला आणि त्याला निःसंकोच ‘आपला’ म्हटले. संस्कृती शुद्ध ठेवल्याने टिकते असे मानणाऱ्यांनी आपल्याच फराळाचे ताट एकदा न्याहाळून पाहावे.

कोणाच्या हातचे?

हा निःसंकोचपणा मात्र फुकट मिळालेला नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात पाव आणि बिस्किट हे धर्म बुडविणारे पदार्थ मानले जात. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा लोकांच्या तोंडी होत्या. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे, यावरूनच पावाच्या एका तुकड्याला केवढे धाडस लागत होते, हे ध्यानात येईल. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये निमंत्रितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात झळकली आणि त्या एका प्रसंगाने पुण्यात मोठे ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या थोर पुरुषांनाही त्यापायी प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. ‘काय खाल्ले’ यापेक्षा ‘कोणाच्या हातचे खाल्ले’ हा प्रश्न तेव्हा मोठा होता.

कोल्हापुरात या प्रश्नाला एक वेगळे उत्तर मिळाले. संस्थानच्या पागेत चाकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांना केवळ पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना धीर दिला आणि स्वतंत्र व्यवसायासाठी साह्य केले. भाऊसिंगजी रस्त्यावर कांबळे यांचे ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? महाराज फेरफटक्याला निघाले म्हणजे आपली गाडी तेथे थांबवीत, चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. राजाने घेतलेला चहा नाकारण्याचे धैर्य दरबाऱ्यांना नव्हते. हुकूमनाम्याने जे काम कदाचित पन्नास वर्षांत झाले नसते, त्याची सुरुवात एका कपाने झाली.

शाहूपुरीतील बेकरीच्या बाकावर परात घेऊन बसलेल्या गृहिणीला हा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. पण तिचे ते बसणे या इतिहासाचेच फळ होते. तिच्या आजेसासूने ज्या पावाला शिवण्याचेही टाळले असते, त्याच पावाच्या पत्र्यावर ती दिवाळीचा पदार्थ मांडीत होती. सुधारणा रुजते ती अशी. तिच्यासाठी प्रत्येक वेळी सभा भरवावी लागत नाही. ती रोजच्या सोयीत मुरते आणि मग ती सुधारणा आहे याचाही लोकांना विसर पडतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. गतकाळाचे सारेच चित्र असे गोजिरे नव्हते. फराळाची ताटे गल्लीत फिरत, परंतु ती प्रत्येक दारी जातच होती असे नाही. काही घरांत ताट दिले जाई. पण त्या घरून आलेले ताट मात्र कौतुकाने घेतले जाई आणि मग मोलकरणीच्या हाती पडे. देणे सोपे असते. त्यात मोठेपणा मिळतो. घेणे आणि घेतलेले खाणे, हीच समतेची खरी कसोटी. तसेच, या सगळ्या गोडव्यामागे स्त्रियांचे अपार कष्ट होते. नोकरी करणारी शिक्षिका शाळेच्या सहामाही परीक्षेचे पेपर तपासून रात्री अकरानंतर चकलीचा सोऱ्या हाती घेई आणि घरातील पुरुष ‘यंदा चकली जरा कडक झाली’ असा अभिप्राय देण्यापुरते स्वयंपाकघरात डोकावीत. त्या काळाचे गुणगान करताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल.

बदललेले स्वयंपाकघर

आज परिस्थिती पुष्कळच बदलली आहे. मध्यमवर्गीय घरात विजेची छोटी भट्टी आली. केक, नानकटाई, निरनिराळी बिस्किटे आता मोबाईलच्या पडद्यावर कृती पाहत घरच्या घरी होतात. त्यात मुलगेही हात घालतात, ही तर फारच चांगली गोष्ट. ज्यांना वेळ नाही, ते गल्लीतील एखाद्या भगिनीकडे फराळाची मागणी नोंदवितात. तिच्या श्रमांना निदान पैशाच्या रूपाने मोल मिळते. जुन्या लाकडी भट्ट्यांच्या धुराचा प्रश्नही खरा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. ज्या वनस्पती तुपाने नानकटाई खुसखुशीत केली, त्यातील अपायकारक ट्रान्स मेदावर २०२२ पासून देशात दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तेव्हा जुने सारेच परत आणावे, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

मात्र या सोयींबरोबर एक गोष्ट नकळत निसटली. बेकरीत परात घेऊन जाणे कमी झाले आणि त्याबरोबर तेथले दोन तासांचे थांबणेही गेले. त्या थांबण्यात कारकुनाची पत्नी, हमालाची आई आणि व्यापाऱ्याची सून एका बाकावर बसत. एकमेकींच्या पिठाकडे पाहून ‘तूप थोडं कमी पडलंय हो’ असे सांगत. भट्टीशी उभा असलेला माणूस कोणत्या घरची नानकटाई दरवर्षी पसरते आणि कोणाची भेगाळते, हे जाणून असे. रमजान ईदला त्याच्या घरून शीरखुर्म्याचे भांडे येई आणि ते आपण कोणाकडून घेत आहोत याचा विचार कोणाच्या मनात येत नसे, कारण भट्टीपाशी ओळख आधीच झालेली असे. नाताळात मराठी ख्रिस्ती घरांतून केकबरोबर करंजी आणि चकलीही येई. मोहरमात चोंगे आणि मलिदा करणाऱ्या हिंदू घरांचे कोल्हापुरात कोणास नवल वाटले नाही. ज्या शहरात बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणेशाची आकृती कोरलेली आहे, तेथे ते वाटावे तरी कसे?

जुना प्रश्न, नवा वेष

हे सारे आज आठवण्याचे कारण असे, की जो प्रश्न आपण गाडून टाकला असे समजत होतो, तो नव्या वेषात परत आला आहे. गेल्या काही वर्षांत सण तोंडावर आला, की मोबाईलवरून संदेश फिरू लागतात: अमक्यांकडून घेऊ नका, आपल्याच माणसाकडून घ्या. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यपदार्थ विक्रेत्यांना आपली नावे ठळकपणे लावण्यास सांगण्यात आले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन या सक्तीला स्थगिती दिली. कोणता पदार्थ मिळतो हे दाखविण्यास सांगता येईल, मालकाचे वा नोकराचे नाव नव्हे, असा त्या आदेशाचा आशय होता. हे दूरच्या प्रांतातील प्रकरण म्हणून सोडून देण्याचीही सोय नाही. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील मजकुरावरून याच कोल्हापुरात दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. शाहूंच्या नगरीला हे शोभले नाही, असे त्या वेळी अनेकांनी हळहळून म्हटले. हळहळ खरी होती. पण हळहळ म्हणजे उपाय नव्हे.

खाद्यपदार्थ विकत घेणाऱ्याने प्रश्न विचारूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. उलट त्याने अधिक प्रश्न विचारावेत. तूप कोणते वापरले? पदार्थ केव्हा केला? भेसळ नाही ना? जागा स्वच्छ आहे ना? अन्न परवाना घेतला आहे ना? हे ग्राहकाचे रास्त प्रश्न आहेत आणि कायदाही ते विचारण्याचा अधिकार देतो. शाकाहारी माणसाला आपल्या पदार्थात काय आहे हे कळलेच पाहिजे. परंतु ‘काय घातले’ आणि ‘कोणी केले’ हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळणे घातक आहे. पहिल्या प्रश्नाने पदार्थाची पारख होते, तर दुसऱ्याने माणसाची जात काढली जाते. पहिल्याचे उत्तर ऐकून वाईट बेकरीवाला सुधारतो किंवा धंदा सोडतो. दुसऱ्यापुढे चांगल्या बेकरीवाल्यालाही उत्तर नसते. कारण त्याचा दोष त्याच्या कामात नसून त्याच्या जन्मात शोधलेला असतो. पंचहौदच्या बिस्किटांविरुद्ध ओरडणाऱ्यांना तरी आपण धर्मशास्त्र पाळतो असा समज होता. आजच्या बहिष्काराच्या संदेशांना तेवढाही आधार नाही.

यावर कोणी म्हणेल, की चार नानकट्यांनी दोन समाज जोडले जातात, असे मानणे भाबडेपणाचे आहे. आक्षेप खोटा नाही. एकमेकांच्या घरचे खाल्ले म्हणून दंगली टळल्याच, असा इतिहासाचा दाखला देता येणार नाही. द्वेषाची कारणे राजकारणात असतात, बेकारीत असतात आणि अफवांतही असतात. त्यांचा बंदोबस्त शासनाने आणि कायद्यानेच केला पाहिजे. तथापि अफवा पसरते ती अनोळखी माणसाविषयी. ज्याच्या भट्टीसमोर आपण दरवर्षी दोन तास बसलो, ज्याने करपलेला पत्रा बाजूला ठेवून भाजणावळ घेण्यास नकार दिला, त्याच्याविषयीची अफवा पुढे पाठविताना बोट क्षणभर तरी अडखळते. त्या अडखळण्याची किंमत कमी लेखू नये. शहराची शांतता पुष्कळदा अशा क्षणभराच्या अडखळण्यांवरच उभी असते.

मग करावे काय? मोठ्या योजनांची गरज नाही. गल्लीतील चार-पाच कुटुंबांनी मिळून एक दिवस ठरवावा आणि जवळच्या बेकरीवाल्याला विचारून पाहावे; विजेच्या वा गॅसच्या भट्टीवरही पत्रे भाजता येतात आणि घरगुती पीठ भाजून देणे ही प्रथा सर्वत्र अगदीच संपलेली नाही. या दिवशी पुरुषांनी तूप फेसावे, मुलांनी गोळे वळावेत; ‘बायकांचे काम’ ही चौकटही त्यानिमित्ताने थोडी मोडेल. दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना फराळावर निबंध लिहावयास सांगणाऱ्या शिक्षकांनी यंदा विषय थोडा बदलावा आणि आपल्या ताटातील एकेक पदार्थ कोणाकोणाच्या हातांतून आला, याचा शोध घेण्यास सांगावे. गूळ पिकविणाऱ्यापासून मैदा दळणाऱ्यापर्यंत आणि भट्टी पेटविणाऱ्यापर्यंत किती माणसे त्या यादीत येतात, हे पाहून मुलांबरोबर त्यांचे पालकही चकित होतील. आणि ज्या घरी आपण आजवर फराळ पाठविला नाही, अशा एका तरी घरी यंदा ताट न्यावे. तेथे बसून त्यांचे जे असेल ते खाऊन यावे.

आपल्याकडे एक जुना संकेत आहे. शेजारून आलेले ताट रिकामे परत करावयाचे नाही. घरात काही नसेल तर निदान त्यात चिमूटभर साखर घालावयाची. शाहूपुरीच्या भट्टीने, इराण्याच्या आणि पदेराच्या कसबाने, गंगाराम कांबळे यांच्या कपबशीने आपल्या हाती जे ताट दिले, ते भरलेले होते. पुढच्या पिढीकडे ते रिकामे जाऊ नये, इतकी काळजी आपण घेतली पाहिजे.